छटाकची झडती

बसा, बसा. तेवढं दार लोटून घ्या मागचं. आत गाढवाएवढा एक कुत्रा गेलाय, तो काही लगेच बाहेर येत नाही. तुमचा झोपलाय पायाशी, झोपू द्या त्याला. तोवर तुम्हाला एक गोष्ट सांगतो. मांजराची आहे, पण हसण्यावारी नेऊ नका. ऐकून तुमचं डोकं फिरलं नाही तर मला सांगा. आमच्या अनंता ओव्हाळचं याच दवाखान्यात फिरलं, त्या काचेच्या दाराच्या आत, आणि अजून जागेवर आलेलं नाही. त्यानं मला सगळं बसून सांगितलं असंही नाही. तो बोलतो कमी. काही सांगितलं, काही मला दिसलं, आणि राहिलेलं मला ठाऊक आहे, कारण त्याच्या मागं कारखान्याच्या त्याच फाटकातून मीही उभी नोकरी आत-बाहेर केली.

झालं काय, छटाक लंगडायला लागली. छटाक म्हणजे त्याची मांजर. खडकीला आमच्या क्वार्टर्सच्या जिन्याखाली जन्मली, तेव्हा ओंजळीत धरली तर ओंजळसुद्धा भरायची नाही, म्हणून त्याच्या बायकोनं, सुंदराबाईनं, हे नाव ठेवलं. आता म्हातारी झालीय. मांजराच्या पुढच्या पायाला आतल्या अंगाला अंगठा असतो बघा, जमिनीला टेकतच नाही तो, त्याची नखी झिजत नाही. ती वाढत वाढत गोल फिरते आणि परत त्याच अंगठ्याच्या गादीत घुसते. स्वतःची नखी स्वतःच्याच मांसात. क्वार्टर्सच्या अंगणात कडुलिंब होता, त्याच्या बुंध्यावर ती रोज सकाळी पुढचे पाय ताणून नखं घासायची, सालपटं निघायची. मग अनंता रिटायर झाला, क्वार्टर सोडावी लागली, आणि त्याच्या पोरीनं, पूर्वानं, हिंजवडीला कॉम्प्युटरवर काम करते ती, बाणेरला सहाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. लिफ्ट आहे, पोहायचा तलाव आहे, क्लब हाऊस आहे, पाहुण्यांच्या गाड्यांना वेगळी जागा आहे. मांजराला नखं घासायला एक झाड नाही. छटाकनं सोफा घासून बघितला, ओरडा खाल्ला, आणि सोडून दिलं. अनंता म्हणतो, तिनं तेव्हा सोफा फाडला असता तर बरं झालं असतं. शहाण्यासारखी वागली आणि पाय सुजवून बसली.

तर पूर्वानं प्लास्टिकचा पिंजरा आणला, छटाकला त्यात कोंबली, गाडीत घातली आणि इथं आणली. सगळ्या रस्त्यानं ती ओरडत होती. इथं आल्यावर गप्प झाली, पिंजऱ्यात पार मागं जाऊन चिकटली. उल्का मॅडम, इथल्या डॉक्टर, माणूस वाईट नाही, आधीच सांगतो, पण त्या दिवशी शनिवार, खोली भरलेली, बाहेर पायरीपर्यंत माणसं. मॅडमच्या हाताखाली ते तौफिकभाई, वयस्क, जाड हातमोजे घालणारे. त्यांनी पिंजरा उभा करून हलवला, छटाक टेबलावर ओतली, वरून टॉवेल टाकला. त्या टॉवेलाला फिनेलचा वास, आणि आधी ज्यांच्यावर पडला असेल त्या सगळ्यांच्या मुताचा. मग एका हातानं मानेचं कातडं धरलं, दुसऱ्यानं पाठ दाबली, आणि मॅडमनी पाय ओढून बाहेर काढला. छटाकनं एक आवाज काढला. अनंता म्हणतो, तिला पिल्लं होताना, कुत्र्यानं पकडली तेव्हा, कधीच तसला आवाज त्यानं ऐकला नव्हता. आणि त्याच वेळी, त्याला न विचारता, त्याचे स्वतःचे दोन्ही हात वर गेले. खांद्याच्या रेषेत, तळवे पुढं, पाय थोडे फाकलेले. मॅडमचं लक्ष गेलं. त्या हसून म्हणाल्या, "काका, हात खाली घ्या. तुम्हाला कुणी काही करत नाहीये." तौफिकभाई हसले. पूर्वा हसली नाही, तिनं फरशीकडं बघितलं.

आता हे हात. कारखाना कुठला ते विचारू नका, दारूगोळ्याचा होता एवढं पुरे. तिथं खिशात एक काडी राहिली तर अख्खी शेड उडेल, म्हणून आत जाताना झडती, आणि बाहेर पडताना पितळ चोरून नेतोय का म्हणून झडती. झडती हवीच, त्याबद्दल आमची तक्रार नव्हती, आजही नाही. पण भोंगा झाला की रांगेत लागायचं, आपली पाळी आली की हात वर, दरबानाचे हात काखेतून कमरेला, कमरेतून मांड्यांना, वळ, पुढं हो. रोज. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, बाप गेल्यावर पहिल्यांदा कामावर गेलं त्या दिवशी, पोरीचा दहावीचा निकाल लागला त्या दिवशी. एक दरबान होता बजरंग नावाचा, तो आधी आपले तळवे दाखवायचा, ये म्हणायचा, तू हात वर करेपर्यंत थांबायचा. बाकीच्यांना घाई असायची. त्यांचे हात तुझ्या आधी पोचायचे. अनंताचा बाप छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला होता, आणि परत आल्यावर त्यानं पोरांना बजावलं होतं की आता कुणाच्या पुढं मान खाली घालून उभं राहायचं नाही. अनंतानं ते पाळलं. मान त्याची ताठच. हातांबद्दल बाप काही बोलला नव्हता. रिटायर झाल्यावर हे गेलं असं त्याला वाटलं होतं. मग एकदा पूर्वा त्याला नव्या मॉलमध्ये घेऊन गेली, दारावर निळ्या शर्टातल्या पोरानं ती काळी पट्टी नुसती पुढं केली, आणि हा हात वर करून उभा. मागची माणसं खोळंबली. पूर्वा कानात म्हणाली, पप्पा, फक्त बॅग दाखवायची असते. तेव्हा तो स्वतःच हसला होता. इथं मात्र त्याला हसू आलं नाही. इथं टेबलावर त्याचं कुणीतरी होतं.

त्या दिवशी नखी निघाली नाही. छटाक तोंड उघडं टाकून धापा घालायला लागली, मॅडमनी नळी लावून ऐकलं आणि लगेच सोडायला सांगितलं. हृदय कमजोर आहे म्हणाल्या, भूल देणं धोक्याचं, कदाचित उठणारच नाही. जागेपणीच काढावी लागेल, आणि ती अशी झगडली तर तेही जमणार नाही. औषध लावा, सूज उतरू द्या, मग घेऊन या. पण फार थांबू नका, पू हाडापर्यंत गेला तर बोट काढावं लागेल, आणि बोट काढायचं म्हणजे भूल आलीच. म्हणजे बघा कसं होतं ते: धरलं तर जीव जाईल, नाही धरलं तर पाय जाईल, आणि पायासाठी परत जीव. हे सगळं ऐकताना अनंताचं लक्ष टेबलावरच्या कार्डाकडं. छटाक ओव्हाळ, मादी, करडी, आणि खाली लाल शाईत मोठ्या अक्षरात, चावरी. त्यानं ते तीनदा वाचलं. चार हातांनी दाबलं कुणी, आणि चावरी कोण. तिनं दात लावलेच नव्हते कुणाला. बाहेर पडताना तो पूर्वाला म्हणाला, हे खोडायला सांग. पूर्वा म्हणाली, पप्पा, ते फक्त रेकॉर्ड आहे. यावर त्याला इतका राग आला की गाडीत तो पुढं बसलाच नाही, मागं पिंजऱ्याजवळ बसला, आणि घर येईपर्यंत सिग्नलला थांबलेल्या प्रत्येक मोटारसायकलवाल्याला शिव्या घातल्या. फक्त रेकॉर्ड. आमच्या कारखान्यात एका भल्या माणसाच्या डब्यात चुकून पितळेचा स्क्रू सापडला होता, त्याचंही फक्त रेकॉर्डच झालं होतं. पोरगी नोकरीला लागेपर्यंत त्या माणसाला लोक स्क्रू म्हणत होते.

घरी आल्यावर छटाक पलंगाखाली गेली ती रात्रीपर्यंत बाहेर आली नाही. तो प्लास्टिकचा पिंजरा दाराशी दिसला की तिच्या पाठीवरचे केस उभे राहायचे. औषध लावायला गेलं की फिस्कारायची, त्याच्यावर, ज्याच्या छातीवर ती आयुष्यभर झोपली त्याच्यावर. सुंदराबाई म्हणाली, जाऊ द्या, तिचं वय झालंय, आपलंही झालंय. हे ऐकून तर तो आणखी भडकला. पण भडकून करणार काय? मग त्याच्या डोक्यानं एक वाट काढली, आणि ही जी वाट आहे ना, ही आमच्यासारख्यांनाच सुचणार. दुसऱ्या कुणी मांजराला खाऊ दिला असता, गोंजारलं असतं. अनंताला वाटलं, सवय लावू. आपल्याला नाही का लागली? पहिल्या दिवशी फाटकात तोही दरबानाचा हात झटकून मागं सरला होता, आणि पुढं पुढं काही वाटेनासं झालं. रोज एकाच वेळी, एकाच जागी, एकाच पद्धतीनं झालं की अंगवळणी पडतं. माणसाच्या पडतं तर मांजराच्या का नाही?

झालं. घरात भोंगा नव्हता, म्हणून सुंदराबाईच्या कुकरची शिट्टी भोंगा ठरली. सकाळी डाळीची पहिली शिट्टी झाली की अनंता दाराशी स्टूल मांडून बसायचा, छटाकला काखेत धरून मांडीवर उभी करायचा, पुढचे दोन्ही पाय वर, एकेक बोट दाबून नखी बाहेर काढायची, बघायची, जमेल तेवढी कापायची, सुजलेल्या अंगठ्याला औषध, मग उलटी करून मागचे पाय, आणि सोडायची. पहिल्यांदा तिनं त्याचे हात फाडले. सुंदराबाईनं हळद भरली आणि तोंड फिरवून घेतलं. त्यानं माघार घेतली नाही. मग ओरबाडणं कमी झालं. मग फिस्कारणं गेलं. मग एक दिवस शिट्टी झाली आणि तिला शोधायलाच लागलं नाही, ती होती तिथंच बसून राहिली, त्यानं उचलली तर अंग सैल सोडलं. धुतलेल्या फडक्यासारखी. पाय वर केला तर वर, खाली केला तर खाली. औषध आत जायला लागलं, सूज उतरायला लागली, बाकीची सगळी नखं नीट कापून झाली, रुतलेली तेवढी राहिली. अनंतानं मला बोलावून दाखवलं. मी बघितलं आणि मलाही ते झकास वाटलं, खोटं कशाला सांगू.

मग एका रविवारी पूर्वा घरी होती. तिला दाखवायचं म्हणून त्यानं शिट्टी व्हायची वाट बघितली, शिट्टी झाली, छटाकला उचललं, हात वर. पूर्वा हातातला मोबाइल खाली ठेवून बघत राहिली. म्हणाली, "पप्पा, किती कोऑपरेट करतेय ती." आणि त्या शब्दाला अनंताचा अंगठा छटाकच्या काखेत होता, आणि त्या अंगठ्याखाली तिचं काळीज पळत होतं. धावत नव्हतं, पळत होतं, कुणीतरी मागं लागल्यासारखं. वरून अंग मऊ, आत ही पळापळ. त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं. डोळे उघडे, बुबुळं काळी, मोठी झालेली, आणि ती बघत होती भिंतीकडं, पंख्याच्या बटणाच्या वर, जिथं काहीही नव्हतं. ना पाल, ना डाग. तिथं ती गेली होती. आणि ती जागा अनंताला ओळखीची होती. फाटकावर दरबानाच्या डोक्याच्या वर गिलावा पडलेला एक तुकडा होता. हात वर केले की अनंता तिथं जायचा. अंगाला काय होतंय ते अंगाचं अंग बघेल, आपण तिथं. वळ म्हटलं की वळायचं, पुढं हो म्हटलं की परत यायचं. हे त्यानं सुंदराबाईलाही कधी सांगितलं नव्हतं, कारण हे काहीतरी आहे असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. काही वाटत नाही, असंच तो सांगायचा, आणि तसंच होतं. उभी नोकरी काही वाटलं नाही. निरोपाच्या दिवशी मोठे साहेब माइकवर म्हणाले होते, ओव्हाळांसारखा शिस्तीचा माणूस बघितला नाही, झडतीला कधी कुरकुर नाही. टाळ्या पडल्या होत्या. त्या टाळ्यांचं त्याला बरं वाटलं होतं, घरी येऊन सांगितलंही होतं.

त्यानं छटाकला खाली ठेवलं. आणि ती पळाली नाही. सोडलं तरी पळाली नाही हो. ठेवली तिथं उभी राहिली, पुढं हो म्हणायची वाट बघत. आत कुकरची दुसरी शिट्टी झाली तशी ती फरशीला चिकटली. अनंता उठला, स्वयंपाकघरात गेला आणि त्यानं गॅस बंद केला. सुंदराबाई म्हणाली, "अहो, डाळ कच्ची राहील." तर म्हणाला, "राहू दे कच्ची." कुणावर ओरडला ते त्याला स्वतःला कळेना. दरबानांवर म्हणावं तर ते त्यांचं काम करत होते, त्यांनाही वरून कुणी दटावत असणार. साहेबावर म्हणावं तर साहेब गेला. पण राग तर आला होता, एवढा की हातातला नेलकटर त्यानं सिंकमध्ये आपटला. आयुष्यभराचा राग असा साठून राहतो आणि बाहेर पडतो कशावर, तर डाळीवर. पूर्वाला काही समजेना. ती म्हणत राहिली, पप्पा, पण चाललं होतं ना छान? छान. तो शब्द त्याला माइकमधून आल्यासारखा वाटला.

दुसऱ्या दिवशी तो इथं आला, मांजराला न घेता, एकटा, भांडायला. सकाळी दार उघडताच आत शिरला. मॅडम हात धुत होत्या. त्यानं जयभीम नाही, नमस्कार नाही, थेट विचारलं, "चावरी कुणी लिहिलं?"

"मी लिहिलं. लिहून ठेवावं लागतं, काका."

"ती चावली नव्हती."

"चावली असती."

"माझी मान धरून दाबा, मीही चावेन. मग लिहा माझ्या नावापुढं."

मॅडमनी नळ बंद केला. तौफिकभाई टेबल पुसत होते, त्यांनी बाही वर करून दाखवली, मनगटापासून कोपरापर्यंत जुन्या जखमांचे दोरे. म्हणाले, चाचा, माझ्याही घरी मांजर आहे. माझ्या कपड्याला इथला वास लागतो, संध्याकाळी मी दारात आलो की ती पलंगाखाली जाते, आंघोळ होईपर्यंत बाहेर येत नाही. माझंच मांजर. हे ते तक्रार म्हणून बोलले नाहीत, हवा कशी आहे ते सांगावं तसे बोलले, आणि अनंताचा अर्धा राग तिथंच बसायला जागा शोधायला लागला. मॅडम म्हणाल्या, मलाही आवडत नाही हो हे. पण बाहेर बघा किती जण असतात. प्रत्येकाला विचारत बसायला मला वेळ कुठंय? अनंता म्हणाला, वेळ मी देतो. माझ्याकडं आता वेळच आहे. तुम्ही फक्त काय करायचं ते सांगा. मग त्यांनी सांगितलं, हात पुसता पुसता. तो प्लास्टिकचा डबा देऊन टाका. टोपली आणा, झाकण न लावता घरात पडू द्या, खायला तिच्यातच ठेवा. पायाला हात लावायचा, पण ती ओढायच्या आत आपण सोडायचा. उठून गेली तर जाऊ द्यायचं, मागं जायचं नाही. अनंतानं विचारलं, मधूनच उठून गेली तरी? मॅडम म्हणाल्या, मधूनच गेली तरी. तेच तर शिकवायचंय तिला, की जाता येतं.

जाता येतं. हा माणूस इथून औंध रस्त्यानं बाणेरपर्यंत चालत गेला, उन्हाचा, आणि सगळ्या वाटेनं त्याच्या डोक्यात तेवढंच. बजरंग दरबान थांबायचा ते काय होतं मग? जाता तर त्याच्याही पुढून येत नव्हतं. पण तो थांबायचा तेव्हा निदान हात आपले आपण वर करायचो. घरी पोचल्यावर त्यानं पहिलं काय केलं असेल तर खडकी बाजारातल्या वखारीतून बाभळीचा ओंडका आणला, सालासकट, आणि बाल्कनीत उभा केला. सोसायटीचा वॉचमन लिफ्टमध्ये घेऊ देईना, तर जिन्यानं चढवला, सहा मजले, खांद्यावर, मी मागून धरायला. मग वेताची टोपली आडवी टाकली हॉलमध्ये, आत सुंदराबाईचं जुनं लुगडं. आणि आणला जवळा. सुका. आम्हाला छटाकची आवड माहीत, क्वार्टर्समध्ये जवळा भाजायला घेतला की ती भिंतीवरून यायची. तव्यावर भाजला, तर तासाभरात सोसायटीच्या सगळ्यांना ईमेल. काही रहिवासी उग्र वासाचे पदार्थ शिजवतात, इतरांच्या भावनांचा विचार व्हावा. पूर्वानं वाचून दाखवला, तिचा चेहरा पडला होता, तिला तिथं राहायचंय. अनंता म्हणाला, लिहून पाठव, औषध आहे. ती म्हणाली, पप्पा, असं नाही चालत. तो म्हणाला, मग लिही, आम्ही जेवतो हे, आणि उद्याही भाजणार आहे, आणि जिन्यात फिनेल मारता तेव्हा आमच्या भावनांना कुणी विचारलं नाही. तिनं तेवढं लिहिलं नाही. पण दुसऱ्या दिवशी येताना तिनंच जवळ्याची पुडी आणली, ऑफिसच्या बॅगेतून, लॅपटॉपच्या शेजारी ठेवून.

आणि मग बसणं. नुसतं बसणं हो. तळवा वर करून हात फरशीवर टाकायचा, तळव्यावर जवळ्याचा चुरा, आणि छटाककडं बघायचंसुद्धा नाही. ती यायचीच नाही. लांबून बघायची, भिंतीला धरून जायची. शिट्टीवरून कुकर तर घरातून हद्दपारच झाला होता, सुंदराबाई पातेल्यात डाळ शिजवत होती आणि गॅस किती जातो ते दिवसातून दोनदा ऐकवत होती. अनंताचा हात बधिर व्हायचा. गुडघे दुखायचे. कधी कधी त्याला स्वतःचाच संताप यायचा, धरून एकदाच उपटून काढावी ती नखी आणि मोकळं व्हावं. त्याच हातांनी आदल्या महिन्यात धरलंच होतं की. ती आधी टोपलीत गेली, तो घरात नव्हता तेव्हा. मग तो असताना. मग तळव्यावरचा चुरा चाटला आणि पळाली, आणि ती पळाली याचा त्याला झालेला आनंद सुंदराबाईला काही केल्या कळेना. "अहो, पळाली म्हणून हसताय काय?" तर म्हणाला, बघ की, पळाली. मग एका दुपारी चाटता चाटता तिनं पुढचा पाय त्याच्या तळव्यावर ठेवला. तोच, सुजलेला. वजन टाकलं. त्यानं बोटं मिटली नाहीत. मला म्हणाला, बोटं मिटू नयेत यासाठी जेवढी ताकद लागली तेवढी कधी दारूगोळ्याची पेटी उचलायला लागली नाही. तिनं पाय काढून घेतला, परत ठेवला. त्या दिवशी संध्याकाळी तो माझ्याकडं आला आणि चहा घेताना म्हणाला, मला कुणी असं विचारलं नाही रे कधी. आणि लगेच उठून गेला, कप तसाच ठेवून.

आता पायाचं सांगतो. सूज उतरलीय, पण नखी आत खोल आहे, घरी निघणारी नाही, ती मॅडमनाच काढायला लागेल, बधिर करायचं मलम लावून. मॅडमनी कबूल केलंय, टोपलीतून ती आपण होऊन बाहेर आली तर मी टेबल वापरत नाही, खाली फरशीवर बसते, तौफिकभाई बाहेर थांबतील. नाही आली तर मात्र धरावी लागेल, आता आणखी थांबता येणार नाही. अनंतानं यावर एवढंच विचारलं, धरलं तर तिचं काळीज टिकेल का? मॅडमनी कार्डावर आजची तारीख टाकली.

आज सकाळी ती टोपलीत जाऊन बसली. कुणी न सांगता. वर नुसतं फडकं टाकलंय, झाकण नाही. रिक्षावाल्याला सांगितलं, दादा, हॉर्न वाजवू नका, आणि त्या बिचाऱ्यानं विद्यापीठाच्या चौकातसुद्धा वाजवला नाही. तो बघा, बाहेर बुचाच्या झाडाखाली कट्ट्यावर पांढरा शर्ट, टोपली मांडीवर, तोच अनंता. आत येत नाही, कारण इथला वास. मी आत येऊन बसलोय ते त्याच्यासाठी. आत्ता ती शांत आहे, मी दोनदा जाऊन बघितलं, फडक्यातून नाक बाहेर काढून वारा हुंगतेय. पण किती वेळ बसेल ते तिचं ती जाणे. आणि उठली, घरी चला म्हणाली, तर हा माणूस तिला परत दाबून बसवणार नाही. शब्द दिलाय त्यानं तिला. तो सरळ उठेल आणि रिक्षा करेल, पायाचं काय व्हायचं ते होवो. मी भांडलो त्याच्याशी यावरून. तो ऐकत नाही, आणि खरं सांगू, त्यानं ऐकावं असं मलाही आता वाटत नाही.

दार वाजलं, तो कुत्रा निघाला वाटतं. यादीत आमच्या आधी तुमचं नाव आहे. पुण्यात दुसऱ्याचा नंबर मागणं म्हणजे काय ते मला कळतं, मी स्वतः रॉकेलच्या रांगेत सख्ख्या मेव्हण्याला पुढं घेतलं नव्हतं. तुमचा कुत्रा गाढ झोपलाय, त्याचं इंजेक्शन थोड्या वेळानं झालं तरी चालेल ना? तेवढं आम्हाला आधी जाऊ द्या. आणि ती आत जाईल तेव्हा, कृपा करून, कुणी तिला चुचकारू नका.